चित्र अडकता कामा नये

तांबोळी चाचांच्या शोकसभेतून मी चहा न घेता उठून आले.

सभा कोथरूडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. भिंतीला टेकवून त्यांचा फोटो ठेवला होता, तोही कुणाच्या तरी मोबाइलमधला, मोठा करताना फाटलेला. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "तांबोळीसाहेबांनी आयुष्यभर नव्या तंत्रज्ञानाचं स्वागत केलं." पुढच्या रांगेतल्यांनी माना डोलावल्या. शेवटच्या रांगेत पाच बायका बसल्या होत्या, त्यांतली एकही मान हलली नाही. त्यांना बोलायला कुणी बोलावलंही नाही.

ज्या माणसाला या कार्यवाहांनी शाळेच्या फाटकातून आत येऊ दिलं नाही, त्याचं कौतुक तेच कार्यवाह करत होते. मला राग लवकर येतो आणि जायला वर्षं लागतात, हे माझ्याशी व्यवहार केलेल्या कुणालाही विचारा. तिथंच उभं राहून चार शब्द सुनावले असते. पण मग पुढचं वाक्य मला माझ्याबद्दल बोलावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले, उठले, आणि आता लिहिते आहे.

माझा धंदा जुन्या कॉम्प्युटरचा. कचेऱ्या, बँका, क्लासवाले मशिनं बदलतात तेव्हा जुनी मी उचलते. चांगली असतील ती साफ करून विकते, बाकीची तोडते. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला माझं गोदाम आहे. सुरुवात रद्दीच्या हातगाडीवर केली आणि भाव पाडायला मला कुणी शिकवलं नाही, पोटानं शिकवलं. समोरचा माणूस किती रुपयांवर थांबणार हे मला त्याच्या चपलेवरून कळतं. आयुष्यात एकाच माणसासमोर माझा अंदाज चुकला. तो वर्षानुवर्षं तीच एक चामडी चप्पल घालत होता.

चाचा मूळचे टीव्ही दुरुस्त करणारे. शनिवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांची खोली होती, दहा बाय दहाची. टीव्हीची दुरुस्ती संपली तसे ते कॉम्प्युटरकडे वळले, पण कामाची रीत टीव्हीचीच राहिली. कॉम्प्युटरवर लोक काय काय करतात याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पत्रं, कोष्टकं, हिशेब म्हटलं की ते हात वर करायचे. "ते तुमचं तुम्ही बघा. मी चित्रवाला." इंटरनेटवरचा व्हिडिओ न अडखळता चालला पाहिजे, एवढंच त्यांचं काम. आणि तेही अशा मशीनवर, ज्याला दुकानदार हात लावायलाही तयार नसतो.

हत्यारं जेवणाच्या डब्यात. वरच्या खणात पेचकस आणि चिमटा, खालच्या खणात दाढीचा ब्रश. या ब्रशनं ते पंख्यातली धूळ काढायचे, हलक्या हातानं. "निम्मी मशिनं म्हातारी नसतात, नुसती गुदमरलेली असतात," म्हणायचे. आतली चिप तापली की मशीन स्वतःच स्वतःचा वेग कमी करतं. लोकांना वाटतं दिवस भरले. धूळ काढली, चिपवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, की तेच मशीन पुन्हा श्वास घेतं.

मग चाचणी. चाचणीचा व्हिडिओ ठरलेला होता: पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडून पाणी सोडतात तो. कुणी तरी पुलावरून काढलेला. गाणं नाही, बोलणं नाही, नुसतं घोंघावत येणारं पांढरं पाणी. मी एकदा विचारलं, हाच का? म्हणाले, "बातम्या वाचणाऱ्या बाईचं काय, तिचे नुसते ओठ हलतात. तेवढं कुठलंही मशीन करतं. पाण्याचा प्रत्येक थेंब हलतो, शेठाणी. पाणी वाहून दाखवलं, की ते मशीन काहीही दाखवेल." पाणी सुरू झालं की ते पडद्याकडे बघायचेच नाहीत. मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि पंख्याचा आवाज ऐकत बसायचे. घरात कुणाला ताप आहे का बघावं तसे.

आमची पहिली भेट म्हणजे भांडण.

त्याच कोथरूडच्या शाळेत चौदा मशिनं होती, कुणी तरी फार पूर्वी दिलेली. त्यांवर धड्यांचे व्हिडिओ अडकतात म्हणून शाळेला ती बदलायची होती. मी तीन आठवडे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांशी घासाघीस केली. माझी चौदा मशिनं त्यांना, त्यांची चौदा मला, वरचे पैसे ठरलेले. ठरल्या दिवशी टेम्पो भरून घेऊन गेले, तर संगणकाच्या खोलीत एक म्हातारा टेबलाखाली आडवा पडलेला, नुसते पाय बाहेर. वर पडद्यावर धरणाचं पाणी धो धो वाहतंय.

"कोण हो तुम्ही?" मी विचारलं.

टेबलाखालून आवाज आला, "टीव्हीवाला."

"मग टीव्ही बघा की!"

"तेच तर बघतोय."

मुख्याध्यापिका ओशाळून म्हणाल्या, "अहो, यांनी काल एक करून दाखवलं, आज सहा झाली. आता बदलायचं कशाला?" माझा टेम्पो भरलेला तसा परत गेला. हमालांसमोर, शाळेच्या शिपायासमोर. तो अपमान मी जपून ठेवला. लोक दागिने ठेवतात तसा.

दुसऱ्याच दिवशी गोदामातलं सगळ्यांत मरतुकडं मशीन उचललं आणि शनिवार पेठेत जाऊन त्यांच्या दारात आदळलं. "हे चालवून दाखवा. नाही चाललं तर शाळेत येऊन सांगायचं की मी फसवलं."

त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसा. मशीनपेक्षा तुम्ही जास्त तापलाय."

दोन दिवसांनी गेले तर पाणी वाहत होतं. चिडले होते तरी धंदेवाईक डोळा मिटत नाही. कसं केलं, विचारलं. असं गुपित बाजारात कुणी फुकट सांगत नाही. या माणसानं चहा सांगितला आणि सगळं सांगितलं.

म्हणाले, व्हिडिओ आपल्याकडे येतो तो घडी घालून येतो. घडी उलगडायचं काम मशीनचं. आता घडी घालायच्या नव्या रीती निघाल्यात, आणि पाठवणारा सगळ्यांना नव्या रीतीनंच पाठवतो. नव्या मशीनला ती घडी उलगडायला आत वेगळी चिप असते. जुन्याच्या चिपला जुनीच घडी येते. नवी आली की सगळा भार बिचाऱ्याच्या मेंदूवर पडतो, मेंदू तापतो, चित्र थांबतं आणि ते गोल चक्र फिरत बसतं. "मग मी काय करतो? ब्राउझरमध्ये एक छोटी सोय बसवतो. ती पाठवणाऱ्याला सांगते, आमच्याकडे नवी घडी कळत नाही, जुनीच पाठवा. आणि तो पाठवतो! जुनी त्याच्याकडे असतेच. फक्त मागावी लागते. कुणी मागतच नाही."

वर चित्राचा आकार ते पडद्याला पुरेल एवढाच ठेवायचे. लहान पडद्यावर मोठं चित्र मागवणं म्हणजे त्यांच्या मते उधळपट्टी. आणि ही दोन्ही कामं करूनही मशीन दमलं, तर ब्राउझरला बाजूला सारून एका साध्या प्लेअरमध्ये नुसता व्हिडिओ लावायचे. बाजूच्या जाहिराती नाहीत, शेरे नाहीत. "चित्र लहान चालेल, अडकता कामा नये." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं.

त्यानंतर माझं काम त्यांच्याकडे जायला लागलं. राग होताच, पण त्यांच्या हातची मशिनं परत येत नसत. फक्त त्यांच्याशी भाव होत नसे. मी पहिल्यांदा निम्मे पैसे म्हटलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "चालेल. मग निम्मंच करून देतो. चित्र दिसेल, आवाज येणार नाही." मी उठून चालू लागले. मी उठले की बाजारात समोरचा हाक मारतो. बोळाच्या टोकापर्यंत गेले, हाक आली नाही. परत आले तर त्यांनी माझा चहा गार होऊ नये म्हणून वर बशी झाकून ठेवली होती. या गोष्टीचाही मला रागच आला.

शाळेची चौदा मशिनं ते स्वतःहून सांभाळायचे. दर आठवड्याला बसनं कोथरूडला, मांडीवर डबा. प्रत्येक मशीनला त्यांनी मार्करनं आकडा घातला होता आणि खाली त्याच्या स्वभावाची चिठ्ठी चिकटवली होती. 'चारला उठायला वेळ लागतो. बटण दोनदा दाबू नये.' 'नऊचा पंखा ओरडतो, घाबरू नये.'

याच खोलीत दुपारचा वर्ग सुरू झाला. आसपासच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी, पोळ्या करणाऱ्या पाच बायका. सकाळची कामं संपून संध्याकाळची सुरू होईपर्यंत त्यांना दोन तास मिळत. बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं होतं. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून त्या इंटरनेटवरचे गणिताचे धडे बघायच्या. मुख्याध्यापिकांनी खोली दिली, चाचा मागे स्टुलावर बसायचे. त्यांना गणित येत नव्हतं. ते फक्त चित्राला राखण.

मी एकदा सुटे भाग द्यायला गेले होते. पोळ्या करणाऱ्या सुनंदाला मी म्हटलं, "अगं, मोबाइलवर बघ की. एवढं इथं यायचं कशाला?"

ती फटकन म्हणाली, "ताई, मोबाइल पोराच्या हातात. आणि माझ्या हातात आला तरी त्यात वर्गमूळ मुंगीएवढं दिसतं."

तेवढ्यात तिच्या पडद्यावरचं चित्र थांबलं. समीकरण अर्ध्यावर, शिकवणाऱ्याचा हात हवेत, आणि मधे ते चक्र. चाचा उठले. सुनंदा त्यांना म्हणाली, "सर, हे असं फिरायला लागलं की मला वाटतं मलाच येत नाहीये."

चाचांनी मशीनच्या डोक्यावर हात ठेवला, दोन-चार बटणं दाबली, चित्र पुढे गेलं. त्या दिवशी परत जाताना बसथांब्यावर ते मला म्हणाले, "ऐकलंत ना? थांबतं मशीन. आणि दोष ती बाई स्वतःला देते." नेहमी टोमणा मारणारा माणूस, त्या दिवशी त्यात टोमणा नव्हता. अडकता कामा नये असं ते का म्हणतात, ते मला तिथं कळलं. कळलं होतं. म्हणूनच पुढचं मी अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय मला नाही.

मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. नवे कार्यवाह आले, आणि त्यांच्या ओळखीतून एक देणगीदार. तो नवी कोरी मशिनं देणार, काचेचं दार, एसी, भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी. चांगलंच आहे. अडचण एकच. जुनी चालती वस्तू संस्थेच्या यादीतून काढता येत नाही. कुणा जाणकारानं ती नादुरुस्त असल्याचा दाखला द्यावा लागतो. कार्यवाहांनी कागद तयार करून चाचांपुढे ठेवला.

हा प्रसंग मला शिपायानं सांगितला. चाचा म्हणाले, "नवी आणा, आनंद आहे. शेजारच्या खोलीत मांडा. ही चालतायत."

"अहो, देणगीदारांना हीच खोली हवी. एक सही तर आहे."

"साहेब, उद्या तुम्ही इथं खुर्चीत बसलेले असताना मी तुमच्या मृत्यूचा दाखला लिहिला, तर चालेल?"

शिपाई हसला, कार्यवाह हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटकावर सूचना गेली: टीव्हीवाल्या म्हाताऱ्याला आत सोडायचं नाही. तो माणूस डबा घेऊन बसनं आला आणि फाटकावरून परत गेला.

मग कार्यवाहांचा मला फोन आला. "तुमच्या फर्मचा शिक्का असेल ना? दाखला द्या, चौदाही मशिनं घेऊन जा."

मी गेले. उभ्यानंच सही केली, बसलेसुद्धा नाही. चौदापैकी एकाचंही बटण दाबून पाहिलं नाही. 'तपासली असता सर्व संच कायमचे नादुरुस्त आढळले.' खाली माझी सही, माझा शिक्का. शिक्का मारताना मनात काय होतं ते लिहितेच. मनात तो परत गेलेला टेम्पो होता. म्हटलं, म्हाताऱ्या, त्या दिवशी माझी चौदा गेली होती, आज आली. दुपारच्या वर्गाच्या परीक्षेला तेव्हा चार महिने राहिले होते, आणि ते मला माहीत होतं.

नव्या खोलीचं उद्घाटन झालं. फीत, फोटो, पेढे. मग कुलूप लागलं. महागाची मशिनं खराब होऊ नयेत म्हणून किल्ली कारकुनाकडे, चपला बाहेर, बाहेरच्यांना प्रवेश नाही. आणि ज्या बाया तिथं रोज दुपारी बसायच्या, त्या एका दिवसात बाहेरच्या झाल्या. मला ते काचेचं दार आजही दिसलं तर दगड उचलावासा वाटतो. पण दगड मारायचा तर त्या दारात आधी माझंच तोंड दिसतं.

मी मशिनं उचलल्यावर तिसऱ्या दिवशी चाचा भर दुपारी गोदामात आले. मार्केट यार्डात बटाट्याचे ट्रक खाली होत होते, त्यातून वाट काढत. हातात डबा. माझ्याकडे न बघता ढिगाकडे गेले. आकडे मार्करचेच होते, चिठ्ठ्याही तशाच. त्यांनी नऊ नंबर ओढून काढलं, पुसलं, एका खोक्यावर मांडलं. "पडदा आहे का एखादा? आणि तुमच्या ऑफिसातलं इंटरनेट द्या."

दिलं. मशीन ओरडत उठलं. मग धरणाचं पाणी सुरू झालं. माझे हमाल पाठीवरची ओझी तशीच ठेवून बघत उभे राहिले. पाणी एकदाही थांबलं नाही. चाचांनी हात मशीनच्या डोक्यावर ठेवला होता, पण या वेळी डोळे मिटले नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मला बोलणं ऐकवलं असतं तर मी तोंड देऊ शकले असते. शेवटी मीच ओरडले. "काय बघताय? मी केली नसती सही, तर दुसऱ्या कुणी केली असती!"

"केली असती," ते म्हणाले. "पण त्या दुसऱ्याला मी काही शिकवलं नव्हतं."

हमाल पांगले. पाणी वाहत राहिलं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "चार द्या. नऊ, चार, अकरा आणि दोन."

"चौदाही न्या. पैसे नकोत."

"माझ्या खोलीत चारच मावतात. आणि फुकट कसं? काटा कुठंय?"

"चाचा, काटा कशाला? न्या म्हणतेय ना."

"चालत्या वस्तूची किंमत मला देता आली नसती, तेवढी माझी ऐपत नाही. पण ही तर बंद आहेत. तुमचा शिक्का आहे. भंगाराचा भाव आज काय चाललाय?"

मी हात जोडले. जिनं जन्मभर समोरच्याला खाली ओढलं, ती मी त्या दिवशी शून्यावर यायला तयार होते, आणि समोरचा वर चढून बसला होता. मी रागावले, ओरडले, उठून चालू लागले. हाक आली नाही. परत आले, तर त्यांनी हमालाकडून चारही मशिनं काट्यावर चढवून घेतली होती. पत्रा, तारा, पंखे, सगळं किलोनं. पैसे माझ्या टेबलावर ठेवले आणि पावती मागितली.

"काय लिहू?" मी विचारलं.

"शाळेला लिहून दिलंत तेच."

मी लिहिलं.

ती चार मशिनं शनिवार पेठेतल्या खोलीत लागली. पाच बायकांपैकी तिघी कोथरूडहून बस बदलत यायच्या, तिघी दहावी पास झाल्या. सुनंदाला गणितात किती मिळाले ते तिनं सगळ्यांना सांगितलं, मला सोडून. उरलेल्या दोघींच्या दोन तासांत बसचा प्रवास बसेना. त्यांनी त्या वर्षी परीक्षा दिली नाही, पुढेही दिली नाही. त्या दोघी माझ्या सहीनं गळल्या. शोकसभेत त्याही आल्या होत्या, त्याच शेवटच्या रांगेत.

चाचांनी नंतर माझं काम घेतलं नाही. निरोप धाडला तर उत्तर यायचं, "जागा नाही." खोटं नव्हतं. चार मशिनं आणि तीन बायका मावल्यावर त्या खोलीत माझी जागा उरली नव्हती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गोदामाच्या दारातून. तीन मशिनं रिक्षाच्या मागच्या बाजूला रचली होती. चौथं, ते ओरडणारं नऊ नंबर, त्यांनी मांडीवर घेतलं होतं. पायाशी डबा. बंद मशीन, तरी तळहात त्याच्या डोक्यावर. समोर बटाट्याचे ट्रक, हातगाड्या, खड्डे. रिक्षावाल्यानं जोरात किक मारली, तसे चाचा पुढे वाकले आणि माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"सावकाश घ्या हो. चालू मशिनं आहेत."